न मागितलेला क्रम

७ सप्टेंबर, रविवार

आज खरी किंमत मांडून पाहिली. इंजिन बदलायचं ठरवून अडीच महिने झाले, त्यात आतापर्यंत गेलं ते असं: दहा रविवार. ऑफिसातल्या पौर्णिमाच्या भाचीचं बारसं, ज्याला ती पोचली तेव्हा पाळणा काढून ठेवला होता. माझी डावीकडची दाढ, जिला उद्या पाहू उद्या पाहू म्हणत शेवटी उपटावीच लागली. साधनाचा चार दिवसांचा अबोला, कारण पोळ्याच्या दिवशी मी घरी होतो पण घरात नव्हतो. पैशात मांडली तर किंमत फार कमी भरते, म्हणून पैशात मांडत नाही.

फारुख यात धरलेला नाही. तो सहा वर्षांपूर्वीचा खर्च.

दुपारी कणीक मळता मळता साधना म्हणाली, "हे इंजिन इंजिन काय लावलं तुमी? आपल्याजवळ गाडी तं एकच हाय."

तिला समजावून सांगितलं. जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्या येतात. कोणती गाडी कधी आली, कापसात ओलावा किती, काट्यावर वजन किती, हे आपला प्रोग्राम लिहून घेतो आणि एका जागी ठेवायला देतो. ठेवायची, हवं तेव्हा काढून द्यायची जी यंत्रणा, ती म्हणजे इंजिन. ते आपलं नाही, परक्या कंपनीचं आहे. कंपनी म्हणते, जुनं आता आम्ही सांभाळणार नाही, आणि नव्या कॉम्प्युटरवर ते चढतही नाही. म्हणून दुसऱ्या जातीचं, नवं इंजिन आणायचं. पण आपला प्रोग्राम इंजिनाशी थेट बोलत नाही. मध्ये मी एक थर लिहिलेला आहे. प्रोग्रामचं म्हणणं थर ऐकतो, इंजिनाच्या भाषेत इंजिनाला सांगतो, उत्तर परत आणतो. इंजिन बदललं की फक्त थराला नवी भाषा शिकवायची. प्रोग्रामला हातसुद्धा लावायचा नाही.

ती म्हणाली, "म्हणजे तुमी अन् फारुखभाऊ बोलत नाही, तं मी त्याच्या अम्मीले, रहिमाबीले फोन करते, तसं."

"तसं नाही."

"मंग कसं?"

तेवढ्यात दूध उतू गेलं. बरं झालं.

ओटा पुसता पुसता ती पुन्हा म्हणाली, "त्याची खुर्ची अजून ठेवली हाय तुमी हापिसात. बोलवून घ्या ना एकदा."

मी म्हटलं, खुर्ची प्रिंटरला लागते.

१४ सप्टेंबर, रविवार

अकोल्याला जिनिंगवाल्यांची बैठक. चौतीस गेटवर आपला प्रोग्राम चालतो, त्यातले बावीस मालक हजर. मी उभा राहून सांगितलं, "खरेदी जोरात सुरू होईल तोवर सगळीकडे नवं इंजिन बसलेलं असेल, आणि गेटवरच्या माणसाला पत्तासुद्धा लागणार नाही." टाळ्या पडल्या. टाळ्यांचे दोन प्रकार असतात, एक समजून वाजवलेल्या, एक चहा आला म्हणून. या समजून होत्या, मला ऐकू येतं.

मागून एकानं विचारलं, "फारुखभाई नाही तरी जमते?"

मी म्हटलं, "तो गेल्यावरच तर थर पुरा झाला." लोक हसले. मीही हसलो.

खोटं नव्हतं ते. आमचं बिनसलं ते या थरावरूनच. मी म्हणायचो, एकाच इंजिनाला इतकं चिकटून राहायचं नाही, उद्या ते बंद पडलं तर आपण बुडू. तो म्हणायचा, ज्याच्यावर जगतो त्याची नस नस ओळखून घे, आणि त्याच्या अंगात जे जे आहे ते वापर. त्यानं सगळी कामं इंजिनाच्या पोटातच लिहून ठेवली होती. मी ती एकेक करून बाहेर, थरात आणायला लागलो. एकदा राजापेठेतल्या टपरीवर गिला वडा खाताना तो म्हणाला, "ओम, तू अशी बंडी बनवून राहिला का तिले बैलही जुतला पायजे, घोडाही, ट्रॅक्टरही. अशी बंडी कोनालेच धड जुतत नाही."

मी म्हटलं, "अन् बैल मेला तं?"

"मेला तं दुसरा आनू. तवा तासून घेऊ दांडी. आजच काहून तासतं?"

बोलाचाली एवढीच. भांडण असं झालंच नाही. आणखी दोन महिन्यांनी एका मंगळवारी दुपारी त्यानं चार्जरची वायर नीट गुंडाळली, खिशात घातली आणि म्हणाला, "अम्मी अकोल्यात एकटी पडते." मी म्हटलं, हो, बरोबर आहे. चौदा वर्षांच्या सोबतीचा माणूस गेला आणि मी म्हटलं, बरोबर आहे.

येताना ड्रायव्हरनं विचारलं, गावातून घेऊ की बायपासनं. बायपासनं घे म्हटलं.

आता बैल मेला आहे. आणि माझी बंडी तयार आहे. हे त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसात नव्या इंजिनावर चाळीस गाड्यांची चाचणी घेतली. थरातली एक फाइल बदलली, त्यातही मोजून चार ओळी. चाळीस गाड्या आल्या तशा पडद्यावर लागल्या. पौर्णिमा माझ्याकडे नऊ वर्षं आहे, प्रोग्राममध्ये आता माझ्यापेक्षा तिचाच हात चांगला. ती म्हणाली, "सर, इतकं सोपं जमलं का मले भीती वाटते."

"भीती काहून?"

"लग्नात जावई काहीच मागत नाही तवा वाटते तशी."

तिला म्हटलं, धामणगावच्या गेटवर डोमाजीला कळवून टाक. ती मोबाइलमध्ये नाव शोधायला लागली, तेवढ्यात मी दहा आकडे बोलून मोकळा झालो. हे मात्र आपलं आहे. बडनेऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर सात वर्षं एसटीडी बूथ चालवला, लोक नंबर सांगायचे आणि मी फिरवायचो. चौतीस गेटचे, मालकांचे, मुनिमांचे, झाडून सगळे पाठ. मी तिला म्हटलं, "या धंद्यात ज्याच्याशी माझं काम पडतं त्याचा नंबर मी कुठे लिहून ठेवत नाही. इथे असतो," आणि कपाळावर बोट ठेवलं.

फारुख भेटला तोही त्या बूथवरच. बिलाचं मशीन आकडे गाळायला लागलं म्हणून दुरुस्तीला आला होता. स्क्रूड्रायव्हर तोंडात धरून म्हणाला, "मशीन ठीक है, तुम्ही वायर खराब है." तुम्ही वायर. त्याची मराठी-हिंदी अशीच एका ताटात वाढलेली.

ऑफिस शांत असतं हल्ली. तो टाइप करायचा दोन बोटांनी, आणि मधली लांब पट्टी अंगठ्यानं न दाबता तळव्याच्या कडेनं हाणायचा. भिंतीपलीकडून मला कळायचं काम कुठवर आलं. पट्टी लागोपाठ वाजली की जमत आलं. नुसतीच शांतता असली की चहा सांगायची वेळ. पौर्णिमाचा कीबोर्ड आवाजच करत नाही. चांगला आहे, महागाचा आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याला धामणगाव रेल्वेच्या जिनवर मुहूर्ताची खरेदी झाली. पहिल्या बंडीला हार, बैलांना गुलाल, मालकानं शेतकऱ्याला शेला-टोपी दिली. अकरा गाड्या आल्या, अकराही सरळ काट्यावर गेल्या. मुहूर्ताच्या कापसाला कोणी ओलावा बिलावा पाहत नाही, मानाचा असतो तो.

डोमाजी तीस वर्षं त्या गेटवर बसतो. मी त्याला विचारलं, "काही फरक जाणवला का?"

"कायचा फरक, साहेब?"

मी मालकाकडे पाहिलं. मालकानं मान हलवली. परतताना वाटलं, कोणाला तरी फोन करून हे दोन शब्द जसेच्या तसे ऐकवावेत. कायचा फरक, साहेब. साधनाला ऐकवले. ती म्हणाली, "चांगलं झालं बाप्पा," आणि आपट्याची पानं देवापुढे ठेवायला गेली. तिला नव्हतं ऐकवायचं मला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुहूर्तानंतरची खरी खरेदी धामणगावला आज सुरू झाली. सकाळी साडेनवाला डोमाजीचा फोन. तो बोलायच्या आधीच मागचं ऐकू आलं. गेटवर दीडशे गाड्या असल्या की एक आवाज असतो, इंजिनांचा, हाकांचा, कोणाच्या तरी मोबाइलवरच्या गाण्याचा. तो नव्हता. माणसं खूप होती आणि बोलत नव्हती.

"साहेब, रांग फिसकटली."

"म्हणजे?"

"ज्याचा ओलावा टाकतो तो मांगं जाऊन राहिला."

बारापर्यंत मी आणि पौर्णिमा धामणगावला. गेटबाहेर गाड्या थेट रेल्वे फाटकापर्यंत. तिथली रीत अशी आहे: गाडी आली की पावती मिळते, तिच्यावर गाडीचा नंबर आणि वेळ. मग ग्रेडर कापसात यंत्र खुपसून ओलावा पाहतो, डोमाजी तो आकडा कॉम्प्युटरवर टाकतो. ओलावा जास्त निघाला तर माणूस आवारातच कापूस पसरतो, उन्हात वाळवतो, पुन्हा दाखवतो. पण त्याची जागा जात नाही. पसरलेल्याची जागा राखायची, हा त्या गेटचा धर्म आहे. जागा कोणाची कुठे, ते गेटवरच्या मोठ्या पडद्यावर दिसतं, पुढच्या दहा गाड्या एकाखाली एक.

खिडकीशी एक बाई उभी होती. साठीची, अंजनसिंगीची, नाव सुभद्रा, स्वतःचा मेटॅडोर घेऊन आलेली. तीनदा कापूस वाळवला होता. तीनदा डोमाजीनं तिचा आकडा टाकला आणि तीनदा ती रांगेच्या शेवटी गेली. आता तिचा कापूस कोरडा ठक्क होता आणि तिच्यापुढे एकशे चाळीस गाड्या.

तिनं पावती काचेला चिकटवली. "माह्या पावतीवर सा वाजून बारा मिंटं हाय. हा जो समोर गेला त्याच्यावर नऊ. नऊ कवापासून साच्या आंधी वाजून राहिले?"

डोमाजी म्हणाला, "मी काय करू काकू, मशीन दाखवते."

"मशीनीले म्हना, मांगं पाठवाचं असन तं कारन सांग. मानूस मांगं पाठवते तं तोंड तरी दाखवते."

मी पुढे होऊन म्हटलं, "ताई, चूक माझी आहे. हा प्रोग्राम माझा आहे."

ती मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "तुमचा हाय? मंग तुमीच उभे राहा रांगेत."

लोक हसले. कोणी हसलं की मारामारी टळते, त्यामुळे मला बरंच वाटलं. डोमाजीनं कॉम्प्युटर बंद केला, खडू घेतला आणि पावत्यांवरच्या वेळा पाहून दर गाडीच्या फळीवर आकडे टाकत फाटकापर्यंत चालत गेला. सुभद्राबाईंच्या फळीवर चार पडला. उरलेल्या गेटवर अजून जुनंच इंजिन आहे, ते तसंच ठेवायला सांगितलं. सोमवारपर्यंत निस्तरलं नाही तर धामणगाव हातचं जाईल, आणि धामणगाव गेलं की बाकीच्यांना कारण मिळेल. मालकानं चहाही विचारला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर शोधलं. चूक सापडत नाही, कारण चूक दिसतच नाही. ऑफिसात चाळीस गाड्या घातल्या, सरळ लागतात. तोच प्रोग्राम, तोच थर. पौर्णिमा चारला म्हणाली, "सर, एक मानूस हाय ज्याले हे दोन मिंटांत समजन."

मी म्हटलं, "माहीत आहे."

ती पुन्हा चाळीस गाड्या घालायला लागली. मीही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साधनाला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण तिनं सकाळी रहिमाबींना फोन लावला, मी बाजूलाच दाढी करत होतो. आधी गुडघे, मग रहिमाबींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग आमच्याकडची वांगी, आणि मग सहज, "यायच्या मशीनीत रांग उलटीपालटी होऊन राहिली व. ज्याले हात लावला तो मांगं. नवं इंजिन बसवलं तवापासून." पलीकडून रहिमाबींनी कोणाला तरी हाक मारली. लांबून एक आवाज आला, दारात चप्पल घालता घालता बोलल्यासारखा. शब्द कळले नाहीत. पण तो आवाज सहा वर्षांनी ऐकला आणि हनुवटीला पातं लागलं.

साधनानं फोन ठेवला. "रहिमाबी म्हणते का, फारुख म्हणते, क्रम मांगितला का, पुस त्याले."

"आणखी?"

"एवढंच. तो गेला कामावर."

टॉवेल हनुवटीला धरून मी तसाच बसलो. दोन मिनिटं नाही लागली. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

आम्ही इंजिनाकडे गाड्या मागतो. पण कोणत्या क्रमानं, हे मागतच नाही. जुनं इंजिन न मागता आलेल्या क्रमानं द्यायचं. नोंद बदलली तरी जिथल्या तिथे खोडून लिहायचं, म्हणून जागा हलायची नाही. तसं देईन असं त्यानं कधी कबूल केलं नव्हतं. ते आपलं देत होतं. नवं इंजिन बदललेली नोंद खोडत नाही, नवी ओळ करून मागे टाकतं. म्हणून ज्या गाडीला डोमाजीनं हात लावला ती मागे. ऑफिसातल्या चाळीस गाड्यांचा ओलावा कोणी टाकलाच नव्हता. दसऱ्याच्या अकरा गाड्यांचाही नाही.

म्हणजे मी सहा वर्षं सांगत फिरलो की आमचं कोणत्याही इंजिनावर अडत नाही, आणि त्या वेळी मी जुन्या इंजिनाच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपलेलो होतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एकसष्ट ठिकाणी क्रम मागायचा राहिला होता. पौर्णिमानं आणि मी एकेक करून लिहिला, आलेल्या वेळेप्रमाणे दे. संध्याकाळी धामणगावला जाऊन बसवलं. डोमाजीनं मुद्दाम एकाच गाडीचा ओलावा पाच वेळा टाकला. जागची हलली नाही.

पण दुपारचं लिहायला पाहिजे. पौर्णिमानं जुन्या कपाटातून फारुखच्या वेळची प्रत काढली. त्याच्या लिखाणात प्रत्येक ठिकाणी क्रम मागितलेला आहे. एकही जागा सुटलेली नाही. ती सगळी कामं थरात आणताना मीच तो काढला. आठवलं मला. दोन इंजिनांत ते मागायची पद्धत थोडी वेगळी होती, आणि काढून पाहिलं तर उत्तर तसंच येत होतं. मी म्हटलं असणार, येतंच आहे तर मागायचं कशाला.

पौर्णिमा म्हणाली, "सर, मंग फारुखसरांचं बरोबर होतं का तुमचं? थर ठेवाचा का काढून टाकाचा?"

मी म्हटलं, "ठेवायचा. इंजिन मेलंच ना, ते माझं बरोबर निघालं. पण फारुख आपण ज्याच्यावर टेकतो त्याला ओळखायचा, आणि मी टेकतच नाही म्हणायचो."

ती म्हणाली, "हे थरात लिहून ठेवू का? काय काय आपन इंजिनाकून घेतो ते?"

"लिही. वरच लिही, पहिल्या ओळीपासून."

अठरा गोष्टी निघाल्या. उद्या आणखी निघतील.

२३ नोव्हेंबर, रविवार

अकोल्याला मालकांपुढे जाऊन झाला प्रकार सांगितला. टाळ्या नाहीत, पण कोणी सोडूनही गेलं नाही. परतताना ड्रायव्हरनं विचारलं नाही, मीच म्हटलं, गावातून घे.

रहिमाबी पडवीत बाजेवर होत्या, डोळ्याला काळा चष्मा. मी बोलायच्या आधी म्हणाल्या, "ओम आया क्या? चप्पल घसीटने की आदत नहीं गई तेरी." त्यांचे कान माझ्याहून तिखट आहेत.

चहा झाला. म्हणाल्या, "हर जुम्मे को पूछता वो. अमरावती का फोन आया क्या. मैं बोलती, तू कर ना. बोलता, उसको मेरा काम नहीं पडता."

मी कप खाली ठेवला.

"अब तो कंपनी जालना चली बेटा. बियाणे का सब काम उधर. उसको बोले, आना तो बोल, नहीं तो यहीं हिसाब कर. अभी हां नहीं बोला."

"कधीपर्यंत सांगायचं आहे?"

"दो-चार रोज में. तू बैठ, आताच येईल. सब्जी लाने गया."

मी बसलो. घरात त्याचा जुना कीबोर्ड खिडकीत उभा करून ठेवलेला, त्याच्या आडोशाला पुदिन्याची कुंडी. काय बोलायचं ते जुळवत होतो. परत ये, हे दोन शब्द. त्याच्या आधी काय लावायचं, नंतर काय, काहीच सुचेना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळली. तीच, दुसऱ्या गिअरला खोकणारी. दोनदा खोकली.

मी उठलो. "अम्मा, बडनेऱ्याला काम आहे, उशीर होतो."

"अरे, मिल के तो जा."

मागच्या दारानं मशिदीच्या गल्लीत निघालो. बडनेऱ्याला काही काम नव्हतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अंजनगाव सुर्जीच्या गेटवर नवं इंजिन बसलं. रांग सरळ. संध्याकाळी प्रिंटर त्या खुर्चीवरून काढून टेबलावर ठेवला. टेबलावर जागा होतीच.

३० नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी मीच फोन केला. सरळ त्याला. कोणी मध्ये नाही.

तिसऱ्या घंटीला उचलला. "बोल, ओम."

"कसं ओळखलं?"

"तू बोलाच्या आंधी श्वास घेतं. बूथवरही घेत होता."

मी इंजिनाचं बोलायला लागलो. एकसष्ट जागा, अठरा गोष्टींची यादी, पौर्णिमानं काय केलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "यादी चांगली केली. पन फोन यादीसाठी नाही केला तू. काय मांगाचं हाय ते सांग. तुह्या थरातून नको सांगू."

मी म्हटलं, "परत ये."

मागे कुठेतरी कुकर वाजला. मग म्हणाला, "गुरुवारी हो म्हनून टाकलं जालन्याले. खोली पन पाहिली."

"गुरुवारी."

"तू त्या रविवारी मागच्या दारानं गेला. मी समोरच्या दारात भाजी घेऊन उभा. मले वाटलं, नाही मांगत हा. याले नाही पायजे."

"मला वाटलं तुला माहीत असेल."

"न मांगता किती वर्षं देऊ, ओम?"

तोच पुढे म्हणाला, "मंगळवारी सामान नेतो. रविवारी येतो अमरावतीले. नोकरी नाही, चहा. जालना काही दिल्ली नाही."

"गिला वडाही आणू."

"दोन प्लेट. तू माही खातं अर्धी."

फोन ठेवला. पौर्णिमाला कळवायला पाहिजे, ती रविवारी येईन म्हणाली तर येऊ दे. खुर्ची पुसून घ्यायची आहे.

एक गोष्ट राहिली. सकाळी फोन हातात घेतला तेव्हा फारुखचा नंबर मला येत नव्हता. साधनानं भाकरी थापता थापता दहा आकडे तोंडपाठ सांगितले, मी कागदावर लिहून घेतले.